हिरड्यांतून रक्त येतंय, दात हलतायत – साफ करावेत की करू नयेत?

मीनल_मानेवाडा

नमस्कार मंडळी. बाबांच्या दातांबद्दल विचारायचं आहे, जरा सविस्तर लिहिते.

बाबा ५८ वर्षांचे. साखर बरीच वर्षं आहे, शेवटचं एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.६ आलं होतं. ब्रश करताना बेसिनमध्ये लाल दिसतं हे आई कधीची सांगत होती, पण दुखत नाही म्हणून बाबांनी ते कधी मनावर घेतलं नाही. आता खालचे पुढचे दोन दात जिभेने ढकलले तरी हलतात. वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली आहे, ती आधी नव्हती. सकाळी तोंडाला वास येतो, हे आईने मला बाजूला घेऊन सांगितलं.

घराजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी एक्सरे काढला. हिरड्यांचा आजार आहे, हाड खाली गेलंय म्हणाले. आधी स्केलिंग, म्हणजे मशीनने वरची सफाई, मग भूल देऊन भागाभागाने खोल सफाई, त्यानंतर पुढचं ठरवू, असं त्यांचं म्हणणं. घरी आलो तर महाल भागात राहणारी काकू भेटायला आलेली. तिने ऐकलं आणि म्हणाली, "मशीन लावू नका, दात साफ केले की ढिले होतात, माझे असेच गेले." झालं, बाबा तिथेच अडून बसले. रक्त येतं त्या जागी ते आता ब्रशच लावत नाहीत, बोटाने मीठ-तेल चोळतात.

काकू म्हणते ते खरं आहे का? आणि साखर असताना ही सफाई करावी का?

इतवारीकर

मीनलताई, मी काकूंच्या बाजूने. आमच्या आत्याने असंच दात साफ करून घेतले, वर्षाच्या आत खालचे चार गेले. त्याआधी ती त्याच दातांनी भाकरी खात होती. डोळ्यांनी बघितलेलं आहे म्हणून लिहितो. हलत असतील तर हात लावू नका, आहेत तितके दिवस टिकू द्या.

संत्रा_मोसंबी

रक्त म्हणजे क जीवनसत्त्व कमी. आपल्या नागपुरात राहून संत्र्याची कमतरता नको. साखर असेल तर आवळा द्या.

अबोली

मीनल, मी हिरड्यांचंच काम करते, इथेच नागपुरात. दवाखान्याचं नाव देणार नाही, इथे जाहिरात करायची नाही. पण हा प्रश्न माझ्या खुर्चीवर रोज बसतो, म्हणून नीट लिहिते.

काकू किंवा इतवारीकरांच्या आत्या खोटं सांगत नाहीत. त्यांनी जे पाहिलं ते पाहिलंच: आधी सफाई, मग दात हलले. पण दात हलण्याचं कारण त्या सफाईच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असतं.

दातावर सतत एक चिकट, पांढुरका थर बसतो. नखाने दात खरवडला की नखात येतो तो. तो जंतूंचा थर. रोज काढला तर काही नाही. हिरडीच्या कडेला राहिला तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांतच तो कडक व्हायला लागतो. त्यालाच आपण कीट म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला तो जास्त बसतो, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. एकदा कीट झाला की ब्रशने निघत नाही, मिठानेही नाही. वरून तो खडबडीत असतो, त्यावर नवा थर आणखी लवकर जमतो.

या थराशी लढायला शरीर तिथे रक्तपुरवठा वाढवतं. हिरडी लाल होते, फुगते, ब्रश लागला की रक्त येतं. इथवरची पायरी पूर्ण भरून येणारी आहे. पण सूज तशीच राहिली तर काही लोकांत ती खोल उतरते. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, खिशात पुन्हा थर आणि कीट, आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू विरघळतं. हे गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

आता आत्यांचं बघा. कुंपणाच्या खांबाभोवतीची माती वाहून गेली आणि त्या खड्ड्यात कचरा साचला, तर वरून खांब घट्ट दिसतो. कचरा उपसला की खांब हलतो. खांबाला कचऱ्याने धरलं नव्हतं, माती आधीच गेली होती. खालच्या पुढच्या दातांवर तर कीट इतका जाड बसतो की दोन-तीन दात एकमेकांना चिकटून राहतात. तो काढला की प्रत्येक दात आपापला किती हलतो ते कळतं. पण तो तसाच ठेवला तर उरलेलं हाडही जातं. सफाईनंतर सूज उतरली की बरेच हलके हलणारे दात काही आठवड्यांत थोडे घट्टसुद्धा होतात, हे मी वारंवार पाहते.

आणि मशीनबद्दल. स्केलरचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि त्यावर पाण्याचा फवारा असतो. त्या थरथरीने कीट तडकून सुटतो. ते दात घासून पातळ करत नाही. दाताचं वरचं आवरण हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. सफाईनंतर फटी दिसतात त्या कीट निघाल्यामुळे आणि सूज उतरल्यामुळे. थंड पाणी झिणझिणतं, कारण इतके दिवस झाकलेलं मूळ उघडं पडलेलं असतं. बहुतेकांचं ते काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत कमी होतं.

संत्रा_मोसंबी, क जीवनसत्त्व खरंच खूप कमी झालं तर हिरड्यांतून रक्त येतं, ते बरोबर आहे. पण ती अवस्था आता क्वचित दिसते. इथे एक्सरेत हाड गेलेलं दिसतंय, म्हणजे कारण कीट आणि साखर. संत्र्याने कीट निघत नाही.

मीनल, बाबांना आज एकच गोष्ट सांगा. रक्त येतं ती जागा ब्रशला चुकवायची नाही. रक्त येतंय म्हणजे तिथे थर साचलाय. मऊ ब्रश हलक्या हाताने तिथेच जास्त फिरवायचा.

मीनल_मानेवाडा

अबोलीताई, मनापासून आभार. खांबाचं बाबांना वाचून दाखवलं, ऐकून घेतलं त्यांनी. पण एक विचारतात, हाड जाईपर्यंत दुखत कसं नाही?

अबोली

कीड आतल्या नसेपर्यंत पोचते म्हणून ठणकते. हिरडीच्या आजारात सूज खिशात असते आणि तिला वाहून जायला वरून वाट मोकळी असते, त्यामुळे दाब साठत नाही. ती वाट बंद झाली की मात्र पू भरतो, गळू येतं आणि मग रात्र काढणं कठीण होतं. लोक तेव्हा धावत येतात, तोवर निम्मं हाड गेलेलं असतं. या आजाराच्या खुणा वेगळ्या आहेत: रक्त, वास, हिरडी खाली सरकून दात लांब दिसणं, पुढच्या दातांत नव्याने फट पडणं, चावताना दात दबल्यासारखा वाटणं. तुझ्या बाबांना यातल्या तीन-चार आहेत.

रामटेकचा_रघू

अबोलीताई, वाद घालायचा नाही, खरंच समजून घ्यायचंय. माझे आजोबा बाभळीच्या काडीशिवाय काही वापरत नव्हते. दातांचा डॉक्टर कधी बघितला नाही. ऐंशी पार करून गेले तेव्हा दात जवळजवळ सगळे होते. माझे वडील ब्रश-पेस्टवाले, पन्नाशीत दाढा गेल्या. हे कसं?

अबोली

रघू, याला चांगलं उत्तर आहे, कारण यावर फार मोठं काम झालेलं आहे.

हाराल्ड लो नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्या बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग घासणं पुन्हा सुरू केलं, साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत. म्हणजे पहिली पायरी जवळजवळ सगळ्यांना लागू आहे.

त्याच लो यांच्या गटाने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० तमिळ मजुरांच्या हिरड्या कित्येक वर्षं तपासल्या. हे लोक ब्रश करत नव्हते, त्यांना दातांचा दवाखानाही मिळत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीट भरपूर, हिरड्या सुजलेल्या. १९८६ साली निष्कर्ष छापले: सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला आणि ऐन तरुण वयात दात जाऊ लागले, ८१ टक्के लोकांत तो सावकाश वाढला, आणि ११ टक्के लोकांत सुजेच्या पुढे गेलाच नाही. कीट तेवढाच, सवयी त्याच, तरी परिणाम वेगळा. शरीर त्या जंतूंना कसं उत्तर देतं ते माणसागणिक बदलतं, आणि त्यात घराण्याचा वाटा असतो.

तुझे आजोबा बहुधा त्या ११ टक्क्यांतले. वडील तसे नसावेत. त्यांना तंबाखू किंवा साखर होती का तेही बघावं लागेल. बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी नीट चावून कुंचला करून हिरडीच्या कडेला फिरवली तर बाहेरचा थर निघतो. दातांच्या मधल्या जागेत मात्र ती पोचत नाही, आणि हा आजार बहुतेकदा मधल्या जागेतच सुरू होतो. आपण कोणत्या गटातले ते आधी कळत नाही, म्हणून आजोबांवरून आपलं ठरवू नये.

रामटेकचा_रघू

वडिलांना तंबाखू होती, बरीच. इतकी साफ माहिती आजवर कोणी दिली नव्हती. आभार.

उमरेडकर

तंबाखूचा विषय निघाला म्हणून लिहून राहिलो. माह्या लहान भावाचं सांगतो. खाणीत ड्यूटी, खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटलेला, तो दिवसभर. पन्नीत घोटून देते पानठेल्यावाला, तसाच खिशात, तसाच तोंडात. खालच्या डाव्या बाजूले ठेवे, गालात. तिथली हिरडी पार खाली गेली, दाताची पिवळी मुळी दिसते, बाजूची चामडी पांढरी, सुरकुतलेली. उजवी बाजू पाहा तं ठीक. आता त्याचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही, तर्री पोहे खाल्ले तरी आग होते. तो म्हणते हिरड्याचा त्रास हाय, गमपेंट लावतो. ताई, हे हिरड्याचंच हाय का?

अबोली

उमरेडकर भाऊ, हे फक्त हिरड्यांचं नाही. या आठवड्यात त्याला दाखवा, पुढे ढकलू नका.

खर्रा एकाच जागी ठेवल्याने तिथली हिरडी सरकली, तो एक भाग झाला. पण तोंड कमी उघडणं आणि तिखट सहन न होणं हे सुपारीमुळे होतं. गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, गालात दोऱ्यासारखे पट्टे लागतात. हा आजार आपल्या विदर्भात तरुण पोरांत इतका दिसतो की ओपीडीत त्याचं नवल वाटत नाही, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. पांढऱ्या सुरकुतलेल्या चामडीचंही तेच. तोंडातला कोणताही पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर तपासायलाच हवी, डॉक्टरांना गरज वाटली तर तिथला छोटा तुकडा काढून तपासतील. गमपेंट लावल्याने फक्त वेळ जातो.

खर्रा आज बंद, सुपारीसकट. नुसती तंबाखू सोडून सुपारी चालू ठेवली तर तोंड आवळत जाणं थांबत नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा चौकाचौकात घोटून मिळतो आणि लोकांना तो गुटख्यापेक्षा साधा वाटतो. तो साधा नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत लाइन आहे, तंबाखूच्या पाकिटावरही हा नंबर छापलेला असतो.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठीही एक सांगते. धुरातल्या निकोटिनने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं. "माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही" यावर त्यांनी भरवसा ठेवू नये. त्यांचं हाड जास्त वेगाने जातं आणि उपचारांनाही कमी दाद मिळते.

उमरेडकर

सोमवारी सुट्टी हाय त्याले. घेऊनच येतो नागपूरले. मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं तं चालते का?

प्रभाकर_अजनी

उमरेडकर, तुम्हाला दंत महाविद्यालयात जावं लागेल. मेडिकल कॉलेजच्याच आवारात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, कोणीही बोट दाखवून सांगेल. सकाळी लवकर पोचा, आधी केसपेपर काढा. पहिल्यांदा तोंडाची तपासणी होते, मग ते ज्या त्या विभागात पाठवतात. तोंड उघडत नाही हे खिडकीवरच सांगा.

मी सेवानिवृत्तीनंतर माझं हिरड्यांचं सगळं काम तिथेच केलं. शिकणारे डॉक्टर करतात, प्रत्येक टप्प्यावर सर किंवा मॅडम येऊन बघतात. वेळ जातो, फेऱ्या होतात, गर्दीही असते. पण खर्च अगदी थोडा आणि घाईने उरकत नाहीत. माझ्या तोंडात गुलाबी औषध लावून, जिथे रंग टिकला तिथे आरशात दाखवून तिथल्या मुलीने मला घासायला शिकवलं. मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला नुसता रंगच रंग होता. इतकी वर्षं मी तिथे ब्रश पोचवतच नव्हतो, हे त्या आरशात पहिल्यांदा दिसलं. हिंगण्याकडे खासगी दंत महाविद्यालयंही आहेत, ज्यांना ते जवळ पडतं त्यांनी तिकडे जावं.

अबोलीताई, मलाही एक विचारायचं आहे. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. हिरड्या पुन्हा थोड्या वाढल्यासारख्या वाटतात.

अबोली

प्रभाकरकाका, अ‍ॅम्लोडिपिनने काही लोकांच्या हिरड्या वाढतात, दातांवर चढायला लागतात. फिटसाठीच्या फेनिटॉइनने आणि किडनी बसवल्यावर देतात त्या सायक्लोस्पोरिननेही होतं. दातांवर थर असेल तर वाढ जास्त होते, म्हणून आधी सफाई. तेवढ्याने नाही उतरली तर तुमच्या बीपीच्या डॉक्टरांना सांगा, ते दुसरी गोळी देऊ शकतील. स्वतः बंद करू नका. रक्त पातळ करायची गोळी तर दातांच्या कामासाठी कोणीही आपल्या मनाने थांबवू नये. आम्हाला फक्त सांगायचं, बाकी आम्ही हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतो. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा हृदयाच्या अस्तराला पूर्वी संसर्ग झाला असेल तर तेही सफाईच्या आधी सांगायचंच, त्यांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

दवाईवाला

माझं सीताबर्डीला मेडिकल स्टोअर आहे. काउंटरवर रोज दिसतं ते सांगतो. हिरडी सुजली की लोक स्वतःच अँटिबायोटिकचं नाव सांगतात, तीन-चार गोळ्या नेतात, सूज उतरते, महिन्याने पुन्हा हजर. चिठ्ठीशिवाय मी देत नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातात. कीट आत तसाच आहे, गोळीने तो कसा निघणार?

दुसरं म्हणजे माउथवॉश. क्लोरहेक्सिडिनची बाटली डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी लिहिलेली असते आणि लोक वर्षभर वापरतात. दात तपकिरी पडतात, जिभेची चव जाते, मग डॉक्टरला बोल. पेस्ट लावून लगेच चूळ भरली तर पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो, मधे अर्धा तास जाऊ द्यावा. हे मी प्रत्येकाला बाटली देताना सांगतो.

गोंदियाची_लेक

माझी ताई नागपूरला असते, पाचवा महिना चालू आहे. हिरड्या लाल, सफरचंद खाल्लं तरी रक्त लागतं. सासूबाई म्हणतात या दिवसांत दातांच्या दवाखान्यात पाऊल नको. त्या स्वतः गुडाखूने दात घासतात, तेच ताईलाही दिलं!

अबोली

गुडाखू ताबडतोब बंद. त्यात तंबाखू असते, गरोदरपणात बाळासाठी ती वाईटच. मिश्रीचंही तेच.

गरोदरपणात संप्रेरकं वाढतात आणि थोड्याशा थरालाही हिरडी जास्त सुजून उत्तर देते. एखाद्या ठिकाणी लाल फुगीर गाठही येते, ती बहुतेकदा बाळंतपणानंतर बसते. चौथा ते सहावा महिना सफाईसाठी सोयीचा काळ, तेव्हा ताईने आत्ताच करून घ्यावी. सासूबाईंना सांगा, बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारूनच जातोय. त्यांचा विरोध काळजीपोटीच असणार, त्यामुळे त्यांनाच सोबत घेऊन गेलात तर आणखी बरं.

कस्तुरी_हनुमाननगर

एक महत्त्वाचं, पावसाळ्यात विशेष. ताप आहे आणि अचानक हिरड्यांतून रक्त येतंय, असं असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जायचं नाही, आधी रक्त तपासायचं. आमच्याकडे डेंग्यू निघाला होता, प्लेटलेट्स खाली गेल्या होत्या.

अबोली

कस्तुरी, अगदी बरोबर. तशीच दुसरी गोष्ट, काही आठवड्यांत हिरड्या एकदम फुगल्या, अंगावर निळे डाग, थकवा, असं असेल तर रक्ताच्या कॅन्सरसाठीही तपासणी करतात. हे कमी दिसतं, पण सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीला, उशीर करू नये.

मीनल_मानेवाडा

बाबांची साखर राहिली. ८.६ वर सफाई करायची की आधी साखर खाली आणायची? आणि घरी नेमकं घासायचं कसं, तेही सांगा. आईलाही शिकायचंय.

अबोली

दोन्ही एकत्र करायचं. साखर जास्त असली की हिरडीची सूज जास्त आणि जखम भरायला उशीर. उलट बाजूनेही खरं आहे: हिरड्यांतली सततची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली येतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. ते छोटं वाटेल, पण तेवढ्यासाठी कित्येकदा एक गोळी वाढवावी लागते. ८.६ ला सफाई थांबवायचं कारण नाही. ऑपरेशनची वेळ आली तर मात्र साखर त्याआधी बरीच खाली हवी. बाबांनी सकाळी नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊन यायचं, उपाशी नाही.

घासण्याचं. ब्रश मऊच घ्या. हिरड्या खराब म्हणून कडक ब्रश घेणारे खूप आहेत, त्याने हिरडी सोलते आणि दाताच्या मानेशी खाच पडते. ब्रश दातावर आडवा सपाट न ठेवता हिरडीच्या कडेला तिरपा टेकवायचा, निम्मे केस हिरडीवर, निम्मे दातावर. जागच्या जागी हलकेच थरथरवायचा, मग चावायच्या बाजूकडे झटकायचा. एका वेळी दोन दात, मग पुढचे दोन. खालच्या पुढच्या दातांच्या मागे ब्रश उभा धरायचा. एकंदर दोन मिनिटं लागली पाहिजेत, आणि रात्री झोपण्याआधीचं घासणं कोणत्याही परिस्थितीत चुकवायचं नाही. झोपेत लाळ कमी होते, तोंडाची स्वतःची धुलाई जवळजवळ थांबते.

आता खरा भाग. ब्रश दातांच्या मधे जात नाही. दात चिकटून असतील तर फ्लॉसचा धागा, आणि बाबांसारख्या फटी पडल्या असतील तर मधे घालायचा बारीक ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशसारखाच दिसतो, फक्त काडीएवढा. औषधांच्या दुकानात वेगवेगळ्या मापांत मिळतो. फटीत किंचित अडकत, पण जोर न लावता जाईल ते माप. एकाच माणसाला दोन मापं लागू शकतात. रात्री ब्रशच्या आधी प्रत्येक फटीतून आत-बाहेर. पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरून थांबू नका. नीट करत राहिलात तर आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी व्हायला हवं. खोल खिशातलं थांबायला दवाखान्यातली सफाई लागेल.

सुई, पिन, काडेपेटीची काडी अजिबात नको. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालतील, बरं वाटतं, पण त्या ब्रशच्या जागी नाहीत. तेल तोंडात धरणाऱ्यांनाही हेच सांगते. बोटाने मीठ चोळणं मात्र बंद, मीठ खरखरीत असतं.

इतवारीकर

अबोलीताई, एक विचारू? आत्याला सफाईनंतर परत कधी बोलावलंच नव्हतं. एकदा केलं आणि संपलं. तसं करतात का?

अबोली

तसं करू नये. हाड गेलेल्या माणसात एकदा वरवर साफ करून सोडणं म्हणजे अर्धं काम. खिशाच्या आत कीट राहिला तर आजार तसाच चालू राहतो, वरून दात स्वच्छ दिसतात एवढंच. चार ते सहा आठवड्यांनी खिसे पुन्हा मोजायचे, आणि त्यानंतर सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बोलवायचं. तुमच्या आत्यांचे दात तिथे निसटले असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

इतवारीकर

पटतंय. मीनलताई, माझं वरचं मत मी मागे घेतो. करून घ्या, आणि पुढच्या तारखाही आधीच ठरवून घ्या.

मीनल_मानेवाडा

मंडळी, कळवते. बाबांची वरची सफाई झाली आणि हिरड्या मोजून झाल्या. मी आतच उभी होते. बारीक, टोकाला बोथट, काळ्या खुणा असलेली सळई डॉक्टर प्रत्येक दाताभोवती हिरडीत अलगद घालत होत्या आणि आकडे सांगत होत्या, "तीन, दोन, तीन... चार, तीन, सहा... पाच, चार, सात." मदतनीस मुलगी तक्त्यावर लिहीत होती. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चारपासून खिसा, हे त्यांनी बाबांना आधी सांगितलेलं. त्यामुळे सहा-सात ऐकलं की बाबा भुवया उंचावून माझ्याकडे बघायचे. तक्ता संपल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, "या सातवाल्याचं काय करणार?" घरी येताना धरमपेठेतून त्यांनीच ते बारीक ब्रश घेतले, दोन मापांचे.

पुढच्या आठवड्यात भूल देऊन उजवी बाजू, मग डावी. खालचे दोन हलणारे दात मागून तारेने बाजूच्या दातांना बांधू म्हणाल्या. काकूला पण नेतेय तपासायला, तिला राहिलेल्या दातांची काळजी लागलीय.

अबोलीताई, एक शेवटचं. माझा भाऊ २९ वर्षांचा, पुण्याला असतो. त्याला काही त्रास नाही. त्यानेही दाखवावं का?

अबोली

दाखवावं, आणि तूही दाखव. बाबांच्या ५८ व्या वर्षी सात मिलिमीटर आहे, त्याची सुरुवात कधीतरी तुमच्याच वयात झाली असणार. दोघांनी एकदा खिसे मोजून घ्या. डॉक्टरांना मागच्या दाढांचा एक्सरे हवा वाटला तर काढू द्या, हाडाची कड दिसते. सगळे आकडे तीनच्या आत आले तर वर्षातून एक-दोनदा तपासणी पुरे.

सातवाल्यांचं सांगते. खोल सफाईनंतर बरेच खिसे दोनेक मिलिमीटरने कमी होतात. सातचा पाच झाला आणि रक्त थांबलं तर त्यावर लक्ष ठेवून चालतं. सहाच्या वर राहिला आणि रक्त येतच राहिलं तर तेवढ्या भागापुरती हिरडी उघडून आतलं साफ करावं लागेल. त्याला फ्लॅप म्हणतात, बसल्या जागी भूल देऊन होतं. त्याआधी बाबांचं एचबीए१सी पुन्हा करून घे. पुढच्या मोजणीचा तक्ता आला की इथे टाक, दोन्ही शेजारी ठेवून बघू.